लाईट गेल्यावरही निरोप पोचला पाहिजे: पंपहाऊस आणि फिडर मोबाईल नेटवर्कवर आणताना

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठची पंपहाऊस पाण्यात गेली, अनेक ठिकाणी लाईट बंद ठेवावी लागली आणि नळाला पाणी नसल्यानं लोक टँकरमागे धावले. अशा वेळी प्रत्येक टाकीची, पंपाची आणि फिडरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीची) खबर कंट्रोल रूममध्ये बसून मिळायला हवी असते. पण मोबाईलचा टॉवरही त्याच लाईटवर चालतो. फिडर बंद पडला की टॉवर काही तास बॅटरीवर आणि मग डिझेलवर जातो. रस्त्यावर पाणी असेल तर डिझेलची गाडी तिथवर पोचत नाही. म्हणजे नेटवर्कची गरज जास्तीत जास्त असते, त्याच दिवशी ते सगळ्यात अशक्त असतं.

म्हणून पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे: पंप थांबवणं, ब्रेकर पाडणं (वीज तोडणं), व्हॉल्व्ह रोखणं हे जीवावरचे निर्णय जागेवरच्या पॅनेलनं घ्यायचे. नेटवर्कनं त्याची बातमी न्यायची आणि सवडीचा हुकूम आणायचा. हे उलटं केलेली यंत्रणा उन्हाळ्यात झकास चालते आणि जुलैत दगा देते.

आधी काम ठरवा, मग 'जी'

आपल्याकडे फाइव्ह जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून निविदेत सरसकट 'फाइव्ह जी राउटर' लिहायची सवय लागली आहे. त्यात पैसा वाया जातो. टाकीची पातळी, क्लोरीनचं प्रमाण, डीपीवरच्या मीटरची नोंद ही कामं किती डेटा खातात ते मोजून बघा. दर १५ मिनिटांना एक नोंद म्हणजे दिवसाला ९६. एका नोंदीला ४०० बाइट धरले तर महिन्याला जेमतेम १.२ एमबी होतात. एवढ्यासाठी वेग लागत नाही. सिग्नल जमिनीखाली आणि जाड भिंतीआड पोचणं महत्त्वाचं. हे काम एनबी-आयओटीचं, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीच्या कमी वेगाच्या मोबाईल जोडणीचं. ते फक्त १८० किलोहर्ट्झचा अरुंद पट्टा वापरतं आणि जुन्या जीपीआरएसपेक्षा (टू-जीच्या डेटापेक्षा) सुमारे २० डीबी (डेसिबल, सिग्नलची चढ-उतार मोजायचं माप) जास्त खोल पोचतं. जिथे ते मिळत नाही तिथे एलटीई कॅट-१ (फोर-जीचा कमी वेगाचा प्रकार) घ्या. टू-जीचं स्वस्त मॉड्यूल (उपकरणातला मोबाईलचा भाग) कितीही मोहात पाडो, घेऊ नका. मीटर दहा वर्षं भिंतीवर राहतो, टू-जी तोवर राहीलच याची हमी कोणी देणार नाही.

ब्रेकर, रिंग मेन युनिट (वीज केबलची वाट बदलणारी स्विचपेटी), पंपाचं स्टार्टर पॅनेल यांना एक-दोन सेकंदांत उत्तर आलं की पुरे. त्याला फोर-जीचा दोन सिमांचा औद्योगिक राउटर चालतो.

फाइव्ह जी खरं कामाला येतं ते तीन ठिकाणी. जॅकवेलच्या (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) तोंडाशी जलपर्णी आणि वाहून आलेला पालापाचोळा किती अडकलाय हे कॅमेऱ्यानं बघणं, घाटातल्या लाईनची ड्रोननं पाहणी करताना चित्र तिथल्या तिथे बघणं, आणि एका भागात शेकडो उपकरणं दर सेकंदाला बोलत असणं. कॅमेऱ्यासाठी पूर्ण ताकदीचं मॉड्यूल महाग पडतं. त्याऐवजी फाइव्ह जीच्या मानकाच्या रिलीज १७ या आवृत्तीत आलेलं रेडकॅप, म्हणजे कमी क्षमतेचं मॉड्यूल बघा. मात्र रेडकॅप स्टँडअलोन, म्हणजे फोर-जीच्या आधाराविना चालणाऱ्या फाइव्ह जीवरच चालतं. नेटवर्कचा वेगळा राखीव पट्टा, ज्याला स्लाइस म्हणतात, तोही स्टँडअलोनवरच मिळतो. म्हणून मोबाईल कंपनीला पहिला प्रश्न 'फाइव्ह जी आहे का' असा विचारू नका. 'या जागेवर स्टँडअलोन आहे का, आणि लेखी देता का' असं विचारा.

लाईनच्या संरक्षणाची रिले (बिघाड होताच ब्रेकर पाडणारं उपकरण) सार्वजनिक मोबाईल नेटवर्कवर टाकायचा विचारही करू नका. आयईसी ६१८५० या उपकेंद्रांच्या मानकाच्या सगळ्यात कडक वर्गात ट्रिपचा (ब्रेकर पाडायचा) संदेश ३ मिलिसेकंदांत पोचावा लागतो. ते काम उपकेंद्राच्या आतल्या फायबरचं आहे.

जागेची पाहणी

फोनच्या दांड्या बघून जागा ठरवू नका. राउटर किंवा सर्व्हे मीटर पॅनेल जिथे बसणार तिथेच ठेवा, लोखंडी दार बंद करा आणि आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) वाचा. उणे ९५ डीबीएमपर्यंत निवांत. उणे ९५ ते १०५ मध्ये बाहेरची अँटेना लागेल. उणे ११० च्या खाली जागा बदला किंवा खांब उंच करा. सोबत एसआयएनआरही (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते) लिहून घ्या. आरएसआरपी चांगला आणि एसआयएनआर शून्याच्या आसपास, असं दिसलं तर दोन टॉवर एकमेकांवर ओरडताहेत असं समजा. तिथे जास्त ताकदीची अँटेना बसवून भागत नाही, दिशा धरणारी अँटेना एका टॉवरकडे रोखावी लागते.

मोजणी तीनदा करा. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी सात ते नऊ या गर्दीच्या वेळी, आणि तिसरी देखभालीसाठी त्या भागाची लाईट बंद असते त्या दिवशी, बंद होऊन चार-पाच तास झाल्यावर. ही तिसरी मोजणी बहुतेक ठिकाणी होतच नाही आणि खरी किंमत तिचीच आहे. तेव्हाच कळतं की कुठला टॉवर तग धरतो आणि कुठला मान टाकतो.

दोन कंपन्यांची दोन सिमं घातली म्हणजे निर्धास्त झालो, असा समज पसरलाय. दोन्ही कंपन्यांच्या अँटेना बऱ्याचदा एकाच टॉवरवर, एकाच बॅटरीवर आणि एकाच जनरेटरवर असतात. प्रत्यक्ष टॉवरपाशी जाऊन बघा. दोन्ही सिमांचा सेल आयडी (सिम कुठल्या टॉवरला जोडलंय त्याचा क्रमांक) लिहून घ्या आणि लाईट बंदच्या दिवशी दोन्ही एकदम जातात का तपासा. जात असतील तर दुसरी कंपनी बदला, नाहीतर अँटेनाचं तोंड दुसऱ्या गावच्या टॉवरकडे फिरवा.

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे डोंगर आडवे येतात. तिकडे ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झचे खालचे पट्टे उपयोगी. ३५०० मेगाहर्ट्झचं फाइव्ह जी शहरात भारी चालतं, पण टेकडीमागे पोचत नाही. अँटेनाच्या केबलकडेही लक्ष द्या. राउटरसोबत येणारी बारीक केबल वरच्या पट्ट्यात मीटरला एक-दोन डीबी सहज खाते. पाच मीटर केबल ओढली तर महागड्या अँटेनाचा सगळा फायदा वाटेतच संपतो. राउटर खांबावरच जलरोधक पेटीत बसवा आणि खाली इथरनेट केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत चालते.

पंपहाऊसची पेटी

पॅनेलची उंची ठरवताना गावातल्या जुन्या माणसांना पुराची खूण विचारा, भिंतीवरची रेघ बघा आणि सगळ्यात वरच्या खुणेच्या आणखी एक मीटर वर पेटी लावा. गैरसोय होईल, शिडी लागेल, तरी तिथेच लावा. केबल पेटीत खालूनच घ्या, वरून कधीच नाही. ग्लँडच्या (केबल आत घ्यायच्या बंदिस्त तोंडाच्या) आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळून झोळाच्या तळाशी ठिबकतं, ग्लँडमधून आत शिरत नाही. हा वीतभर झोळ नसल्यामुळे जितक्या पेट्यांत पाणी गेलंय तितक्या पुरानं बुडाल्या नसतील.

पातळी मोजायला नदीच्या गाळात पाण्यात सोडायचा सेन्सर टाळा, जमेल तिथे वरून बघणारा रडार बसवा. पाण्यात सोडायचाच असेल तर त्याच्या केबलमधल्या बारीक हवेच्या नळीकडे बघा. ती नळी बाहेरचा हवेचा दाब आत नेते. ती दुमडली किंवा तिच्यात दव साचलं की सेन्सर हवेच्या दाबातला फरकही पाण्याची पातळी म्हणून दाखवतो. १० मिलिबारला साधारण १० सेंटीमीटर चूक होते. नळीच्या तोंडाशी सिलिका जेलची डबी असते. दाण्यांचा रंग बदलला की ती बदलायची, आणि पावसाळ्यात हे दर महिन्याला बघायचं.

सेन्सरपासून आरटीयूपर्यंत (जागेवरची माहिती गोळा करून पाठवणाऱ्या उपकरणापर्यंत) ४-२० मिलिॲम्पचा विद्युत संकेत किंवा आरएस-४८५ वायरवर मॉडबस ही यंत्रांची भाषा चालते. ४८५ च्या वायरला दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध, मध्ये कुठेच नाही. शील्ड (वायरवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थिंगला. पंपाच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून ही वायर नेली तर स्टार्टर ओढताक्षणी आकडे नाचतात, आणि दोष मात्र नेटवर्कच्या माथी येतो.

आता जागेवरचे निर्णय. जॅकवेलची पातळी ठराविक खुणेखाली गेली, एक फेज गेला, मोटरचा करंट ड्राय रनइतका (पंप पाण्याविना फिरताना असतो तेवढा) खाली आला, तर पंप रिलेनंच थांबला पाहिजे. टाकी भरल्याचा निरोप ठराविक वेळ, समजा १० मिनिटं, आलाच नाही तर काय करायचं हेही आरटीयूत आधीच लिहून ठेवा: पंप ठरलेला वेळ चालवून थांबवायचा, की चालूच ठेवायचा. हा प्रश्न व्हॉल्व्हमनला विचारून सोडवा. कुठली टाकी किती वेळात भरते हे त्याच्याइतकं कागदाला माहीत नसतं.

बॅटरीचं गणित साधं आहे आणि चुकवलं जातं. राउटर ५ वॉट, आरटीयू ५ वॉट, सेन्सर २ वॉट, एकूण १२ वॉट. ४८ तास चालवायचं म्हणजे ५७६ वॉट-तास, १२ व्होल्टला ४८ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उपसायची नसते आणि दोन वर्षांत ती थकते, म्हणून ८० अँपिअर-तासाची घ्या. कॅमेरा असेल तर त्याचा पुरवठा वेगळ्या रिलेवर ठेवा. लाईट गेली की कॅमेरा १० मिनिटांनी बंद, मागितला तरच चालू. सोलर लावत असाल तर हिशोब मार्चच्या उन्हावर करू नका. आषाढात दिवसाला दीड तासाचंच पुरं ऊन धरा. मग याच १२ वॉटला, चार्जिंगमधली तूट धरून, सुमारे २७५ वॉटचं पॅनेल लागतं.

शेतीच्या फिडरवर बसवायच्या उपकरणांचं आणखी एक. तिथे तीन फेजचा पुरवठा ठराविक तासच असतो. चार्जर असा निवडा की तेवढ्या वेळात रिकामी बॅटरी भरेल. नाहीतर पहिला आठवडा सगळं ठीक दिसतं आणि मग उपकरण रोज पहाटे झोपी जातं.

वळवाच्या विजांसाठी पुरवठ्याच्या वायरवर, ४८५ वर आणि अँटेनाच्या केबलवर, तिन्ही वाटांवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा लोंढा जमिनीत वळवणारं उपकरण) हवा. दोनच लावले तर वीज तिसरी वाट शोधते.

फुटलेली जलवाहिनी शोधताना

काळम्मावाडीची थेट पाईपलाईन पन्नास किलोमीटरहून लांब आहे. अशा वाहिनीवर फुटीची जागा पटकन कळणं ही मोठी सोय. वाहिनी फुटली की दाबाची लाट दोन्ही बाजूंना पळते. पोलादी पाईपमध्ये तिचा वेग सेकंदाला साधारण १००० मीटर असतो, नेमका आकडा पाईपच्या जाडी-व्यासावर ठरतो. दोन टोकांच्या सेन्सरवर ती कधी पोचली यातल्या फरकावरून जागा निघते.

इथे बरेच जण म्हणतात, वेगवान नेटवर्क घ्या. वेगाचा इथे संबंधच नाही. संबंध घड्याळाचा आहे. दोन घड्याळांत एक सेकंदाचा फरक असेल तर जागा ५०० मीटरनं चुकते. १० मिलिसेकंदांचा असेल तर ५ मीटरनं. म्हणून दोन्ही ठिकाणी जीपीएसचं घड्याळ बसवा. दाब सेकंदाला २०० वेळा जागेवरच मोजा, सतत पाठवू नका. दाब अचानक पडला की आधीचे आणि नंतरचे मिळून २० सेकंदांचे आकडे, वेळेच्या शिक्क्यासह पाठवा. एका आकड्याला २ बाइट धरले तर सगळे मिळून ८ हजार बाइट. कॅट-१ वरही ते चुटकीसरशी जातात. नेटवर्क नसेल तर आरटीयूनं ते साठवून ठेवावेत आणि आल्यावर पाठवावेत. उशिरा आले तरी जागा तितकीच अचूक निघते.

फूट सापडल्यावर व्हॉल्व्ह दुरून बंद करायचा असेल तर बंद होण्याचा वेळ ॲक्चुएटरमध्येच (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या यंत्रातच) बांधा, काही मिनिटांचा. झटकन बंद केला तर पाण्याच्या तडाख्यानं दुसरीकडे फुटेल.

फिडर आणि लाईनमन

फॉल्ट दाखवणारे इंडिकेटर लाईनच्या फांद्यांच्या सुरुवातीला बसवा, सरसकट दर किलोमीटरला नको. गगनबावड्याकडे भर पावसात फॉल्ट शोधत जंगलातून चालावं लागतं. तिथे कुठल्या फांदीवर जायचं एवढं कळलं तरी दोन-तीन तास वाचतात. इंडिकेटरमध्ये लाईट गेल्यानंतरचा शेवटचा निरोप पाठवण्यापुरती सुपरकपॅसिटरची साठवण असावी. मोडेमला नेटवर्क पकडून निरोप सोडायला कधी कधी अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ ती साठवण टिकते का हे टेबलावर प्लग काढून मोजा, माहितीपत्रकावर विसंबू नका.

दुरून ब्रेकर चालू करण्याची सोय देताना सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीला द्या: खांबावर माणूस असू शकतो. परमिट (लाईनवर काम करायची परवानगी) निघालं की त्या ब्रेकरचा लोकल-रिमोट स्विच लोकलवर, त्याला कुलूप, किल्ली लाईनमनच्या खिशात, आणि अर्थिंग रॉड लागलेला. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर लाल खूण लावणं हे याच्या जोडीला, याच्याऐवजी कधीच नाही. नेटवर्क अडकलं की जुना हुकूम रांगेत थांबतो आणि दहा मिनिटांनी पोचतो. म्हणून प्रत्येक हुकमाला मुदत घाला: ५ ते १० सेकंदांत पोचला नाही तर आरटीयूनं तो फेकून द्यायचा. आणि हुकूम टप्प्याटप्प्यानं: आधी निवड, मग खात्री, मग कृती. आयईसी ६०८७०-५-१०४ या कंट्रोल रूम-आरटीयू संवादाच्या मानकात ही सोय आहे, पण ती सुरू करून घ्यावी लागते.

मीटर

स्मार्ट मीटर बसवताना शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या दगडी भिंती आणि जिन्याखालच्या लोखंडी पेट्या यांचा हिशोब धरा. पत्र्याची पेटी १० ते २० डीबी सहज खाते. पेटी फायबर-प्लास्टिकची करा किंवा अँटेना बाहेर काढा.

एका भागाची लाईट परत आली की हजारो मीटर एकाच क्षणी नेटवर्कवर तुटून पडतात आणि कोणालाच जागा मिळत नाही. उपाय फुकट आहे: प्रत्येक मीटरनं ० ते १५ मिनिटांतली कुठलीही एक वेळ निवडून मगच बोलायचं. ही अट खरेदीच्या कागदातच घाला.

रस्त्याखालच्या चेंबरमधले पाण्याचे मीटर बॅटरीवर चालतात. ३.६ व्होल्टची, १९ अँपिअर-तासाची लिथियम थायोनिल बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, पण सिग्नल क्षीण असेल तर मॉड्यूल एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं आणि आयुष्य निम्म्याहून खाली येतं. बिडाचं झाकण असलेल्या चेंबरला संयुक्त प्लास्टिकचं झाकण हा बॅटरी बदलत बसण्यापेक्षा स्वस्त मार्ग.

सिम, एपीएन आणि कुलूप

फोनचं साधं सिम राउटरमध्ये घालू नका. यंत्रांसाठी १३ आकडी क्रमांकाचं एम-टू-एम सिम मिळतं. ते तुमच्या संस्थेच्या नावावर घ्या, ठेकेदाराच्या नाही. ठेका संपला की सिम त्याच्यासोबत जातं. खासगी एपीएन (मोबाईल नेटवर्कमधली फक्त तुमची वाट), त्यावर व्हीपीएन (सांकेतिक लिपीत चालणारी जोडणी), आणि सिम त्या एकाच राउटरच्या आयएमईआयला (उपकरण क्रमांकाला) बांधलेलं, एवढं किमान हवं. आरटीयूला सार्वजनिक आयपी देऊन ५०२ (मॉडबसचा) किंवा २४०४ (आयईसी १०४ चा) पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडा ठेवणं म्हणजे पंपहाऊसची किल्ली चौकात टांगणं. मॉडबसला पासवर्ड नसतोच. राउटरचा कारखान्यातला पासवर्ड पेटी भिंतीवर चढण्याआधी बदला.

मे महिन्यातली चाचणी

दरवर्षी मेच्या अखेरीच्या आत प्रत्येक जागी अर्धा दिवस द्या. पहिलं सिम काढा, दुसऱ्यावर किती सेकंदांत येतं ते लिहा. मेन बंद करून बॅटरीवर सोडा आणि व्होल्टेज दर तासाला नोंदवा. पातळीचा फ्लोट हातानं उचलून पंप खरंच थांबतो का बघा, आणि हे अँटेना काढून ठेवलेली असताना बघा, कारण नेटवर्कशिवाय थांबतो का हेच तपासायचंय. सिमच्या खाचेत हिरवट गंज आला असेल तर सिम आणि होल्डर दोन्ही बदला.

शेवटचं काम कागदाचं, आणि ते वीज आणि पाणी या दोन्ही खात्यांनी एका टेबलाशी बसून करायचं. तुमच्या पंपहाऊसची आणि उपकेंद्रांची सिमं कुठल्या टॉवरवर टिकतात, तो टॉवर कुठल्या डीपीवर आहे, ती डीपी कुठल्या फिडरवर आहे, आणि पूर किती फुटांवर गेला की ती बंद करावी लागते, याची यादी करा. पूर ओसरताना लाईट जोडायच्या क्रमात दवाखाने आणि पंपहाऊस यांच्या लगेच मागे हे टॉवर घाला. यादीची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि एक त्या भागाच्या लाईनमनच्या हातात द्या.